यादीबाहेरचं ताट

ती आधी पोटाला हात लावायची. उलटा हात, ताप पाहायला आपण कपाळाला लावतो तसा. अंगणवाडीच्या दारातून लेकरू आत आलं की त्याचा सदरा वर करायची, बोटांची मागची बाजू बेंबीच्या वर क्षणभर टेकवायची आणि चुलीकडे वळताना म्हणायची, "तोंड लबाड बोलते बाप्पा. पोट नाई बोलत."

कुणाला किती वाढायचं ते त्या हातावर ठरायचं. रजिस्टरमध्ये प्रत्येक लेकरामागे किती आहार ते छापलेलं होतं. ती रजिस्टर वाचू शकत नव्हती, आणि वाचता आलं असतं तरी तिनं मानलं नसतं.

पहिल्या दिवशी तिनं तो हात माझ्याही पोटाला लावला. मी यवतमाळहून दोन एसट्या बदलून आले होते. झरी जामणी तालुक्यातलं, जंगलाला लागून असलेलं गाव. खांद्याला पिशवी, पिशवीत आमच्या संघटनेची पत्रकं, आणि डोक्यात सरकारविरुद्धची सगळी वाक्यं पाठ. खिचडी नको म्हटलं. "जेवून आले मावशी."

"चहा पेली तू," ती हात काढत म्हणाली. "जेवली नाई. बस."

मी बसले. असल्या बाईपुढे तुम्हीही बसला असता.

ती त्या अंगणवाडीची मदतनीस होती. मदतनीस म्हणजे झाडणारी, पाणी भरणारी, लेकरं घरोघरून गोळा करून आणणारी आणि आमच्या भागात तेव्हा शिजवणारीही. शिकवायला, लिहायला सेविकाबाई वेगळ्या. सेविकाबाईंच्या हातात पेन, हिच्या हातात पळी. गाव दोघींनाही ओळखायचं, पण लेकरं पळीला ओळखायची.

ते कापसाचे वाईट दिवस होते. पेपरवाले गाड्या करून यायचे, फोटो काढायचे, जायचे. त्यांना रडणारी माणसं हवी असायची आणि ती मिळायचीही. पण सकाळी अकरा वाजता अंगणवाडीच्या चुलीवर काय शिजतंय, याचा फोटो कुणी काढला नाही. वेचणीच्या दिवसांत त्या गावात सकाळी सात वाजल्यानंतर हिंडून पाहिलं असतं तर तुम्हाला सगळ्या दारांना कड्या दिसल्या असत्या. हातपाय चालणारं प्रत्येक माणूस कापूस वेचायला कमरेला ओटी बांधून कुणाच्या तरी शेतात. मागं उरायची लेकरं आणि म्हातारी. चूल पेटलेली असायची ती एकच.

लेकरं घरून आपापली ताटं घेऊन यायची. कुणाचं पोचे पडलेलं, कुणाचं लग्नात मिळालेलं, नाव कोरलेलं. भिंतीच्या कडेनं रांग. एखादं लेकरू आलं नाही की ती त्याच्या जागेवर अंगणवाडीतलं एक जादा ताट उपडं ठेवायची. सेविकाबाई म्हणायच्या, "अहो, नाही आला तर जागा भरून घ्या की." ती म्हणायची, "जागा त्याची हाय. येईन तो." दुसऱ्या लेकरानं ते ताट सरकवलं तर पळी उगारायची. मारलं मात्र तिनं कुणालाच नाही.

या उपड्या ताटाची एक गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. मला ती सेविकाबाईंनी सांगितली, तीही आवाज खाली करून. मी येण्याच्या बऱ्याच आधीची. मावशीचं घर बुद्धविहाराच्या मागं. ही नवी नवी कामाला लागली तेव्हा पाटीलपुऱ्यातली एक बुढी तरातरा आली आणि रांगेत बसलेल्या नातवाला दंडाला धरून घेऊन गेली. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिच्या हातचं आमच्या घरात नाई चालत."

दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या जागेवर उपडं ताट. तिसऱ्या दिवशी उपडं ताट. आठव्या दिवशी ते पोरगं आजीची नजर चुकवून स्वतःच आलं, ताट सुलटं केलं आणि बसलं. हिनं पोटाला हात लावला आणि दोन पळ्या जास्त वाढल्या.

"तेव्हा राग नाही आला मावशी?" मी विचारलं.

"आला न. कायले नाई येईन? पण पोट्ट्याचं पोट त बुढीचं नव्हतं."

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. पत्रकाला उपयोगी पडेल म्हणून. तेव्हा मला प्रत्येक गोष्ट पत्रकाला उपयोगी पडेल किंवा पडणार नाही, एवढ्या दोनच खणांत दिसायची.

वजनाच्या दिवशी तिची आणि सेविकाबाईंची ठरलेली खडाजंगी. छताच्या कडीला काटा टांगायचा, त्याला झोळी, झोळीत लेकरू. सेविकाबाईंचं म्हणणं, वजन आधी, खिचडी मागून. हिचं उलट.

"उपाशी लेकराचं वजन कायले करता बाई? हाडाचं काय वजन करा लागते?"

"नियम आहे."

"मंग नियमालेच बसवा झोळीत. पाहू किती भरते."

सेविकाबाई हसायच्या आणि पोरं कळत नसताना हसायची. हसून झाल्यावर एकेक लेकरू झोळीत जायचं आणि सेविकाबाई पेन्सिलीनं तक्त्यावर टिंब द्यायच्या. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा. टिंब लाल पट्ट्यात पडलं की हसणं थांबायचं. त्या वर्षी टिंबं खाली खाली येत होती.

आता म्हाताऱ्यांचं सांगते. त्यांच्यामुळेच हे सगळं झालं. खरं तर माझ्यामुळे झालं.

लेकरांना आणणारं घरी कुणी नसायचं, म्हणून लेकरांना म्हातारी माणसं आणायची. नाहीतर म्हाताऱ्यांना लेकरं आणायची, कोण कुणाला आणतंय ते कळत नसे. आणून सोडल्यावर ती परत कुठं जाणार? घराला कडी. तीही दारापाशी बसायची. सात-आठ म्हातारी आणि एक चाळिशीचा बाप्या, ज्याची समज लहानपणीच थांबली होती. त्याची आई वेचायला जाताना त्यालाही तिथंच सोडायची. तो रांगेत लेकरांच्या मध्ये मांडी घालून बसायचा आणि घास घेण्याआधी सगळ्यांसोबत "वदनी कवळ" म्हणायचा, सगळ्यात मोठ्यानं.

"याचं काय लिहू?" सेविकाबाईंनी एकदा कपाळाला हात लावून विचारलं.

"सा वर्साचा लिवा," ही म्हणाली. "मिशा आल्या त्याले, तो काय करीन?"

सरकारचा नियम सहा वर्षांपर्यंत. सहा वर्षं पूर्ण झाल्यावर भूक कुठं जाते ते सरकारनं कधी कळवलं नाही.

आणि मग एका दिवाळीनंतर ती पाटीलपुऱ्यातली बुढी आली. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. ज्या नातवाला ओढून नेलं होतं तो मोठा होऊन बायकोसह वेचणीला लागलेला, घरात दिवसभर कुणी नाही. पणती तिचं बोट धरून घेऊन आली. बुढी उंबऱ्याच्या बाहेरच टेकली. त्या दिवशी मी तिथं होते, म्हणून हे ऐकीव नाही.

हिनं एक ताट घेतलं, बुढीपुढं ठेवलं आणि लुगड्यावरूनच पोटाला उलटा हात लावला.

बुढी चमकली. "कोण वं?"

"मीच."

बुढीनं ताटावरचा हात मागं घेतला. "तुह्या हातचं मी..."

"डोये गेले न तुहे?" ही म्हणाली. "मंग हात कोनाचा हाय, कायले पाहतं? खाय."

बुढी जेवली. ताट बोटानं पुसून जेवली. दुसऱ्या दिवसापासून ती रोज येऊ लागली आणि उंबऱ्याच्या आत बसू लागली. ती दिवसाला तेवढं एकदाच जेवायची. नातसून सकाळी अंधारात जायची, दिवेलागणीला यायची, आल्यावर अंगात शिजवायचं त्राण असलं तर चूल पेटायची. बुढी स्वतःच हे सांगायची, तक्रार म्हणून नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

मी पेटले. तुम्ही मला तेव्हा पाहायला हवं होतं. देशातला कापूस ज्या हातांनी वेचला, त्या हातांना म्हातारपणी लेकरांच्या रांगेत बसून खावं लागतं! मी एसटीत बसल्या बसल्याच लिहून काढलं. मथळा आधी सुचला: "चिमुकल्यांच्या ताटात म्हाताऱ्यांचा वाटा: जबाबदार कोण?" खाली लिहिलं, या गावात लेकरांच्या तोंडचा घास वृद्धांना द्यावा लागतो, लेकरं अर्धपोटी राहतात, शासन झोपलं आहे. गावाचं नाव ठळक टाकलं. वाक्याला धार आली होती आणि धार आली की मला दुसरं काही दिसत नसे.

छापायच्या आधी मी तिला वाचून दाखवलं. एवढं तरी केलं. ती तांदूळ निवडत होती. शेवटपर्यंत ऐकलं आणि हात थांबला.

"नोको छापू पोरी."

"का मावशी? खोटं आहे का काही?"

"चालून राह्यलं न? चालू दे. तू बोंबलली का झाकण उघडते, आन् झाकण उघडलं का वाफ जाते."

"भिऊ नका. आम्ही आहोत ना तुमच्या पाठीशी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग सूप उचललं आणि तांदूळ पाखडत राहिली. मी त्याला संमती समजले. पांढरकवड्याच्या छापखान्यातून गठ्ठा उचलला, तालुक्याच्या कचेरीसमोर वाटला, साहेबांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवला.

आठवड्यानं सुपरवायझर मॅडम जीपमधून उतरल्या तेव्हा त्यांच्या हातात माझं पत्रक होतं. त्या आत आल्या त्या नेमक्या अकरा वाजता. रांगेत लेकरं, लेकरांत तो बाप्या, उंबऱ्याच्या आत बुढी आणि बाकीची म्हातारी, सगळ्यांपुढे वाफाळती खिचडी. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी प्रत्येकाचं नाव विचारून यादीशी ताडून पाहिलं. यादीत नाव नसलेल्यांना उठवलं. तो बाप्या उठेना. त्याला वाटलं त्याचं काही चुकलं, म्हणून तो "वदनी कवळ" पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला.

आदेश आला तो एका कागदाचा. "लाभार्थी नसलेल्या व्यक्तींना आहार वाटप करून बालकांना अर्धपोटी ठेवल्याचे निदर्शनास आल्याने" मदतनिसाला कामावरून कमी करण्यात येत आहे. पुरावा म्हणून सोबत जोडलं होतं माझं पत्रक. "लेकरं अर्धपोटी राहतात" या ओळीखाली लाल शाईची रेघ.

जबाबदार कोण, असं मी विचारलं होतं. कचेरीनं उत्तर दिलं.

मी तिच्या घरी धावले. काय बोलायचं ते ठरवत गेले होते: अपील करू, मोर्चा काढू. ती ओसरीत जात्यापुढे बसली होती. जात्याभोवती जोंधळ्याच्या कण्या सांडलेल्या. सुपात कण्या, पाटीत कण्या, कोपऱ्यातल्या डब्यात कण्या.

"हे काय मावशी?"

ती जातं फिरवत राहिली. तिची सून आत भाकरी थापत होती, ती तिथून बोलली. "माय रोज पहाटी भरडत होती. घरचा जोंधळा. डबा भरून नेये अन् म्हाताऱ्याईच्या खिचडीत टाके. लेकराईच्या तांदळाले तिनं कधी हात नाई लावला. तुमी छापलं न, लेकरं अर्धपोटी राह्यते म्हून? एक तरी लेकरू उपाशी उठलं का, इचारा गावाले."

दोन पातेली. मला आठवलं. चुलीशेजारी निखाऱ्यांवर नेहमी दुसरं पातेलं असायचं, झाकलेलं. मी इतक्या वेळा तिथं बसले, तिच्या हातचं जेवले, आणि त्या झाकणाखाली काय आहे ते एकदाही विचारलं नाही. टिंबं खाली का येत होती याची उत्तरं गावातल्या प्रत्येक घराच्या कडीला लटकली होती. मी ती सोडून दोष तिच्या पळीवर ढकलला, कारण मथळा तसा छान बसत होता.

"मावशी, मी दुसरं पत्रक काढते. खुलासा छापते."

"अजून छापतं?" ती म्हणाली. एवढंच.

मी अर्ज केले. कचेरीत बसले. साहेब म्हणाले, तुमच्याच संघटनेची तक्रार आहे ना? मग कारवाई झाली म्हणून खूश व्हायला पाहिजे तुम्ही.

मावशीचं काम गेल्यावर काही दिवस बुढी तिच्या घरी जेवत होती. पाटीलपुऱ्यातली बुढी बुद्धविहाराच्या मागच्या ओसरीत! पूर्वी गाव पेटलं असतं. आता पेटायला गावात दिवसा कुणी नव्हतं. पण घरचा जोंधळा किती पुरणार? वेचणी संपत आली होती आणि आंध्रातल्या शेतांत अजून कापूस होता. मावशीच्या वयाच्या बाया वेचणीच्या टोळीत जात नाहीत. ती निघाली. सूनही सोबत.

सकाळी टेम्पो उभा होता तिथं मी गेले. बाया गाठोडी वर फेकत होत्या. ती शेवटी चढणार होती. तिनं मला जवळ ओढलं आणि उलटा हात पोटाला लावला.

"उपाशीच हायस."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला ते आवडलं नाही.

"आयक. बुढीले अकरा वाजता लागते. कण्या करता येते न तुले? नाई येत त भात कर. पातळ. तिले दात नाई. पत्रक नोको वाचू तिच्यापुढं. वाढ."

"हो मावशी."

"जाजो मात्र. जागा तिची हाय."

टेम्पो गेला. मी गावातच एका घरी राहायचं ठरवलं. पहिल्या दिवशी भात करून नेला. दुसऱ्या दिवशी नेला. तिसऱ्या दिवशीही. बुढी कमी बोलायची, पण ताट पुसून जेवायची. चौथ्या दिवशी यवतमाळला धरणं होतं. कापसाच्या भावासाठीचं, मोठं, आणि पत्रकं माझ्याकडे. एक दिवसाचा प्रश्न आहे म्हणून शेजारी सांगून गेले. धरणं लांबलं. चार दिवस लांबलं. ज्या शेजारणीला सांगितलं होतं ती दुसऱ्याच दिवशी लेकीच्या बाळंतपणाला उमरखेडला गेली, हे मला मागून कळलं.

परत आले ती एसटीतून उतरून सरळ बुढीच्या घरी. साडेअकरा झाले असतील. गल्ली सगळी कड्या लावलेली. बुढी ओट्यावर बसली होती, मांडीवर ताट उपडं. माझ्या पावलांचा आवाज आला तसं तिनं ते हातानं चाचपून सुलटं केलं.

"आली का वं?" ती म्हणाली.

माझ्या पिशवीत फक्त पत्रकं होती.

मी अंगणवाडीत धावले. चुलीवर पातेलं होतं, एकच. नव्या मदतनिसानं विचारलं, "नाव हाय का यादीत?" तिचं काय चुकलं? तिला माझ्याच पत्रकानं शहाणं केलं होतं. सेविकाबाई उठल्या, मागच्या दारानं मला एक वाटी भरून दिली. म्हणाल्या, "घ्या. आणि कृपा करून कुठं छापू नका."

बुढीनं दोन घास घेतले. तिसरा तोंडात फिरवला आणि काढून ठेवला. मी माझा हात उलटा करून तिच्या पोटाला लावला. लुगड्याखाली पोट नव्हतंच, पाठच लागली हाताला. पुढे मी रोज गेले, रोज भात नेला. तिनं मात्र मला पुन्हा कधी "आली का" असं विचारलं नाही, आणि ताट सुलटं मीच करायची. संक्रांतीच्या आत ती गेली.

होळीच्या आधी टोळी परतली. मी फाट्यावर उभी होते. सांगायचं सगळं मनाशी लावून ठेवलं होतं, यावेळी धार न लावता. टेम्पोतून एकेक बाई उतरली. गाठोडी उतरली. तिची सून उतरली. टेम्पो रिकामा झाला तरी मी फळीकडे बघत राहिले.

"माय तिकडंच राह्यली," सून म्हणाली. "वेचणाराईची लेकरं वावराच्या धुऱ्यावर बसून राह्यतात, कोनी पाहणारं नाई. तिनं तीन दगड मांडले, चूल पेटवली. मुकादम म्हणे राहू द्या. नाई येत म्हणते आता."

मी मान हलवली. तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं, चार पावलं गेली आणि काही राहिल्यासारखी थांबून वळली.

"हो, तुमाले इचाराले सांगतलं मायनं. बुढी जेवते न?"